वसंताची मूळ प्रत

नोटीस बोर्डाचं कुलूप उघडायला जावककाकांना एकोणीस दिवस लागले, आणि तेवढ्यात वसंताचेही एकोणीस दिवस हातचे गेले. ऋतू कोणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही, हे काकांना पस्तीस वर्षं कचेरीत काढूनही नव्याने कळलं.

जावककाका हे नाव त्यांना इमारतीने दिलं होतं. नोकरीभर ते एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागात होते. येणाऱ्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा, जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक टाकायचा, आणि मधल्या काळात त्या कागदाचं काय झालं याची चौकशी करायची नाही, असं ते काम. निवृत्त झाल्यावरही हात थांबेना. दुकानदाराला दिलेल्या सामानाच्या यादीवरसुद्धा वर उजव्या कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख असे. अशी एक यादी हातात पडल्यावर नवीन दुकानदार दोन दिवस घाबरून होता म्हणतात. त्याला वाटलं, साबण आणि काडेपेटी मागवून सरकार काहीतरी सुचवतंय.

बोर्ड होता तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी. काचेची दोन दारं, मध्ये कुलूप, आत हिरवं कापड. चार महिने त्यात एकच कागद होता: टाकी धुवायची असल्याने मंगळवारी पाणी येणार नाही. कुठला मंगळवार ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे इमारतीतली सावध मंडळी दर मंगळवारी बादल्या भरून ठेवत. काकांकडे एक जुनी डायरी होती, पानापानाच्या तळाशी देशोदेशीचं एकेक वचन छापलेली. त्यातली वसंतावरची वेगळी काढली तेव्हा बारा भरली. रोज एक सुवाच्य अक्षरात लिहून बोर्डात लावायचं, एवढंच काकांच्या मनात होतं. इतक्या निरुपद्रवी बेतात लफडं शिरायला जागा तरी कुठे होती? पण लफड्याला काय, कुलपाची फटही पुरते.

"अर्ज द्या," सेक्रेटरी म्हणाले. ते विम्याच्या कचेरीत होते, आणि कुठल्याही गोष्टीत काय वाईट घडू शकेल हे त्यांना आधी दिसे. "तसं तुम्ही आपलेच. पण अर्ज द्या."

काकांनी अर्ज दिला. अर्जावर जावक क्रमांक टाकला. सेक्रेटरींनी तो कार्यकारिणीपुढे ठेवायचं ठरवलं. कार्यकारिणी सात जणांची. त्यातले दोघं गावाला, एक आजारी, एक रुसलेला. उरलेल्या तिघांनी कोरम होत नाही असा ठराव केला, आणि मग कोरम नसताना ठराव कसा केला यावर एक रविवार घालवला. शेवटी परवानगी मिळाली तेव्हा किल्ली सापडेना. कुलूप तोडायला वेगळा अर्ज लागला. परवानगीला तीन अटी होत्या: राजकारण नको, कोणाच्या भावना दुखावायला नकोत, आणि प्रत्येक वचनाखाली ते मूळ कुठल्या भाषेतलं आहे हे लिहिलंच पाहिजे.

"उद्या कोणी विचारलं तर?" सेक्रेटरी म्हणाले.

"कोण विचारणार?"

"तेच तर सांगता येत नाही ना."

पहिलं वचन लागलं त्या सकाळी लिफ्ट बंद होती. माणसं जिन्याकडे वळायच्या आधी दम गोळा करायला बोर्डापुढे थांबली आणि वाचायला लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई रात्रपाळी करून येत होत्या, त्यांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "काका, छान आहे हो. अक्षर तुमचंच ना?" वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आल्या, त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, पण काच मध्ये आली. मग त्यांनी काचेवरच, बरोबर राहून गेलेल्या अनुस्वाराच्या जागी, एक टिंब दिलं. त्या टिंबासाठी पुढे बोर्डाची काच कोणी पुसली नाही, कारण बाईंशी कोण वाद घालणार. काका शेजारच्या बाकावर बसून होते, सहज बसल्यासारखे. त्या दिवशी ते चार माणसांशी बोलले. एरवीचा आकडा सांगण्यात अर्थ नाही.

काकी जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी परदेशात, लांब उत्तरेला, जिथे वसंत आला आहे हे लोकांना बातम्यांतून कळतं म्हणतात. ती दर रविवारी फोन करायची. "कसे आहात बाबा?" "मजेत." "जेवण?" "उत्तम. तिकडे हवामान काय म्हणतंय?" मग ती हवामान सांगायची, काका ते मन लावून ऐकायचे, आणि आठ मिनिटांत फोन संपायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकदा विचारलं होतं, "येतेस कधी?" त्यावर ती रजा, कामाचा ताण, तिकिटं असं इतकं काही बोलली की काकांना आपण तिच्यावर कारणे दाखवा नोटीस बजावल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ते हवामानावर आले. हवामानाने कोणाला अपराधी वाटत नाही.

बारा दिवस बोर्ड जोरात चालला. ती बारा वचनं मी इथे देत बसत नाही. डायरीवाल्यांनी एकदा छापली तेवढी पुरे. बहुतेकांत एखादा पक्षी होता, दोन-तीनांत शेतकरी होता, आणि सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जरा धीर धरा. सल्ले मात्र इमारतीचे स्वतःचे होते. मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, शेजारी चित्र हवं. सेक्रेटरींचं म्हणणं, चित्र हवं तर त्याचा वेगळा अर्ज हवा. नर्सताईंचं म्हणणं, "काका, तुम्ही काही बदलू नका, मला घरी आल्यावर हेच वाचायची सवय झालीय." काका सकाळी दाढी करून खाली यायला लागले. पूर्वी दाढीचा दिवस त्यांच्याकडे शुक्रवारचा होता.

तेराव्या दिवशी डायरी संपली.

काका सकाळी कोरा कागद पुढे घेऊन बसले. आज काही लावलं नाही तर काय होईल? काहीच होणार नाही. माणसं लिफ्टमधून बाहेर पडतील आणि सरळ रस्त्याला लागतील. काकांना तेच नको होतं. त्यांनी विचार करायला म्हणून चहा केला, आणि ओतताना लक्षात आलं की आपण दोन कप मांडलेत. तीन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असं नाही, पण पेन हातात असताना पहिल्यांदा झालं. त्यांनी लिहिलं: वसंतात चहा नेहमी एका कपाने जास्त होतो.

खाली मूळ भाषेची जागा मोकळी होती. अट क्रमांक तीन. आयुष्यात कधी खोटी नोंद न केलेला माणूस पाच मिनिटं त्या जागेकडे बघत राहिला आणि मग त्याने मुलगी राहते त्या देशाची भाषा लिहून टाकली. दुसरं कारण नाही. त्या एकाच परक्या भाषेचं नाव त्यांना चुका न करता लिहिता येत होतं.

"वा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "म्हणजे आतिथ्य. आलेल्या पाहुण्यासाठी कप तयार ठेवतात. थंड देशांतली माणसं अशीच असतात."

काकांनी मान डोलावली. मान डोलावणं ही नोंद नव्हे.

एकदा हात सैल सुटला की सुटला. चौदाव्या दिवशी फाटकापाशी झाडाला तांबूस पालवी फुटलेली दिसली. ती बघायला काकांनी वळून घरात हाक मारली आणि अर्ध्यात थांबले. मग लिहिलं: पालवी आधी झाडाला दिसते, मग ज्याला हाक मारायची त्याला. पंधराव्या दिवशी वेगळंच झालं. चार दिवस दाराची घंटा वाजली नव्हती, म्हणून काकांना संशय आला की ती बिघडली असावी. त्यांनी बाहेर जाऊन स्वतःची घंटा स्वतःच दाबली. घंटा ठणठणीत होती. इतकी, की समोरचं दार उघडलं आणि समोरच्यांच्या पाहुणीने विचारलं, "कोण हवंय?" आपल्याच दारात उभं राहून या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याही नियमावलीत नाही. काका म्हणाले, "बहुतेक घरी कोणी नाही," आणि जिना उतरून, फाटकापर्यंत जाऊन, पाहुणी आत गेल्यावर परत आले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर लागलं: वसंतात एकदा तरी आपल्या दाराची घंटा आपणच वाजवून पाहावी.

"आत्मपरीक्षण," बाई म्हणाल्या. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "या एका देशात वसंत फारच जोरात दिसतो हो. गेले काही दिवस दुसरं कोणी काही बोलतच नाहीये."

अशी नऊ झाली. दुपारी फक्त एकट्या माणसाच्या घरी लांबतात, असं एक होतं. ते वाचून नर्सताई बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि त्यांनी फोनवर फोटो काढला. आणि नववं असं होतं: लेकरू लांब असेल तर त्याला तिकडचं हवामान विचारावं, येणार कधी ते विचारू नये. त्यावर खाली अक्षरशः गर्दी झाली. लिफ्ट चालू असूनही. काका बाकावर बसून होते आणि त्यांना इतक्या जणांनी नमस्कार केला की घरी जाऊन त्यांनी बराच वेळ पंखा लावला.

इथवर ठीक होतं. पण इमारतीत एखादी गोष्ट नीट चालली आहे असं दिसलं की सेक्रेटरींना चैन पडत नसे. त्यांनी प्रभाग कार्यालयाच्या वसंत सुशोभन स्पर्धेत इमारतीचं नाव घातलं. बक्षीस होतं फिरता चषक. फॉर्म चार पानी होता. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की परभाषेतला मजकूर लावला असल्यास मूळ प्रत अथवा दाखला जोडावा.

"डायरीतली बारा आहेत, त्याला डायरी जोडू," सेक्रेटरी म्हणाले. "या नवांचं मूळ कुठाय?"

"ती तोंडी आहेत."

"कोणाच्या तोंडी?"

"तिकडच्या... खेड्यापाड्यांतल्या," काका म्हणाले, आणि आपल्या कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं त्यांना जाणवलं.

दाखला आणायला काकांनाच पाठवलं. प्रभाग कार्यालयात पाच खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीने तिसरीकडे पाठवलं, तिसरीने पाचवीकडे, पाचवीवर 'जेवणाची वेळ' अशी पाटी होती आणि आतला माणूस पेपर वाचत होता. काका या सगळ्याकडे जाणकाराच्या नजरेने बघत होते. पाटीचा आकार बरोबर होता. पण आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला बाहेर उभं राहायचं म्हणजे काय करायचं हेच कळेना. ते दोनदा चुकून आतल्या दाराकडे गेले आणि दोन्ही वेळा शिपायाने दंडाला धरून रांगेत आणून सोडलं. निवृत्त माणसाला सगळं सहन होतं, दंडाला धरलेलं होत नाही.

शेवटी पाचवी खिडकी उघडली. एक लिपिकबाई होत्या. त्यांनी कागद वाचला.

"मूळ प्रत?"

"नाही. हे तोंडी आहे."

"मग तोंडी गोष्टीवर आम्ही शिक्का कुठे मारायचा, काका?"

काकांना रागही आला आणि कौतुकही वाटलं. हे वाक्य त्यांनी स्वतः पस्तीस वर्षांत शेकडो लोकांना ऐकवलं होतं, पण इतक्या सहज नाही. बाईंनी सगळी नऊ शांतपणे वाचली. मग काकांकडे पाहिलं. मग पुन्हा शेवटचं वाचलं.

"तिकडे तुमचं कोणी राहतं का?" त्यांनी विचारलं.

"मुलगी."

"मग तिच्याकडून लिहून आणा. मी स्वीकारीन."

घरी येताना काकांनी मनाशी ठरवलं की सांगायचं, मुलगी सध्या दौऱ्यावर आहे. खोटं बोलण्यात ते अजून नवशिके होते, पण प्रगती होती. मात्र सेक्रेटरींनी त्यांना संधीच दिली नाही. आग, भूकंप किंवा मृत्यू अशा प्रसंगी कोणाला कळवायचं, याची इमारतीकडे एक यादी असते. त्यात मुलीचा नंबर होता. सेक्रेटरींनी स्वतःच्या जबाबदारीवर निरोप धाडला, आणि काकांना अभिमानाने दाखवला: 'महोदया, सोबतची नऊ वचने आपल्या देशात प्रचलित असल्याची खात्री करून तसा दाखला त्वरित पाठवावा. विलंब झाल्यास इमारत जबाबदार राहणार नाही.' खाली नऊच्या नऊ वचनं, क्रमांकासह.

"गेला?" काकांनी विचारलं.

"गेलाच. वाचलाही तिने. बघा, दोन निळ्या खुणा आल्यात."

काका घरी गेले आणि खुर्चीत बसले. आता काय होणार हे त्यांना दिसत होतं. ती विचारेल, बाबा हे काय? मग इमारतीला कळेल. मुख्याध्यापिकाबाई वहीतलं पान फाडतील. बोर्डात पुन्हा टाकी धुतली जाईल. खाली बाकावर बसलं तर माणसं मान दुसरीकडे वळवून लिफ्टची वाट बघतील, आणि त्यांना कोणी दोषही देऊ शकणार नाही. पण याहून मोठी भीती वेगळी होती आणि ती काकांनी स्वतःशीही पुरती बोलून दाखवली नाही. दोन वर्षं रविवारी-रविवारी जे जपून ठेवलं होतं, ते सेक्रेटरींनी क्रमवार लावून तिच्या हातात दिलं होतं.

स्पर्धेचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको. चषक पलीकडच्या इमारतीला गेला. त्यांनी जिन्यात प्लॅस्टिकची फुलं लावली होती, आणि प्लॅस्टिकला मूळ प्रत लागत नाही.

फोन वाजला बुधवारी, दुपारी बारा वाजता. स्क्रीनवर मुलीचं नाव होतं. बुधवारी ती कधीच फोन करत नसे.

"बरी आहेस ना?" त्यांनी आधी विचारलं.

"मी बरी आहे. सेक्रेटरींचा निरोप आला."

"अगं, ते जरा अतिउत्साही आहेत. तू मनावर घेऊ नकोस. तिकडे हवामान..."

"बाबा."

काका थांबले.

"मी काल इथे ऑफिसात विचारलं," ती म्हणाली. "आमच्याकडे एक आजीबाई आहेत, इथल्याच, जन्मापासूनच्या. त्यांना एकेक भाषांतर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, असं इथे कोणी म्हणत नाही."

"नसतील म्हणत. खेड्यांत म्हणत असतील."

"त्या खेड्यातल्याच आहेत, बाबा."

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यातल्या तारखा काकांनी बघितल्या.

"मग त्यांनी मला विचारलं, हे लिहिणारा माणूस कोणाबरोबर राहतो?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "मी दाखला पाठवलाय सेक्रेटरींना. सही करून."

"खोटा दाखला?" काका दचकले. काही झालं तरी पस्तीस वर्षांची नोकरी होती. "असं कशाला केलंस? काय लिहिलंस?"

"लिहिलं की ही नऊच्या नऊ खरी आहेत. कुठल्या भाषेतली ते नाही लिहिलं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा न घालता हातातच ठेवला.

"बाबा, दर रविवारी मला मजेत म्हणून का सांगता?"

"काय सांगणार गं," काका म्हणाले. "तू तिथून काय करणार होतीस?" आणि मग, इतकी वर्षं जे वाक्य ओठापर्यंत येऊन हवामानात विरून जात होतं, ते बाहेर पडलं. "मला करमत नाही. अजिबात करमत नाही गं इथे."

बोलल्याबरोबर ते सारवासारव करायला लागले. म्हणजे तसं अगदीच नाही, खाली माणसं भेटतात, नर्सताई आहेत, बाई आहेत, तब्येत चांगली आहे, जिनाही चढतो.

"आता मागे घेऊ नका," ती म्हणाली. ती रडत होती, आणि ते लपवायचा प्रयत्न करत नव्हती. "मी महिनाअखेरीला येते. तीन आठवडे. रजा टाकलीय कालच."

"मिळेल?"

"मिळाली."

आठ मिनिटं कधीच होऊन गेली होती. काकांना सवयीने वाटलं की आता ती ठेवेल, तिला उशीर होत असेल, आणि ते म्हणाले, "बरं मग, ठेवतो."

"ठेवू नका. मला आवरायचंय, नाश्ता करायचाय, मी बोलणार नाहीये काही. पण ठेवू नका. तुम्हीही तुमचं करा काही करायचं असेल तर."

तिने फोन कुठेतरी ओट्यावर ठेवला असावा. नळ सुरू झाला. भांड्याला भांडं लागलं. एक कपाट उघडलं आणि बंद झालं, मग दुसरं, बहुतेक हवं ते पहिल्यात मिळालं नव्हतं. लहानपणापासून तिचं असंच होतं. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, टेबलावर ठेवला, आणि त्यांनीही उठून दोन दिवसांची साचलेली भांडी घासायला घेतली. हळूहळू घासत होते, आवाज फार व्हायला नको म्हणून. मग लक्षात आलं की आवाज झालेलाच बरा.

मधेच एकदा तिकडचं सगळं थांबलं.

"बाबा, आहात ना?"

"आहे," काका म्हणाले.